समलिंगी विवाह व सविनय कायदेभंग
अन्याय्य वाटणारा कायदा उघडपणे, अहिंसक रीतीने मोडून त्याबद्दलची शिक्षा पत्करणे म्हणजे सविनय कायदेभंग. हा मार्ग मुख्यतः नागरिकाचा. शासकीय अधिकाऱ्यास तो कितपत खुला आहे, हा प्रश्न अमेरिकेतील समलिंगी विवाहांच्या वादात ठळकपणे पुढे आला. कॅलिफोर्नियात विवाह केवळ स्त्री-पुरुषांतच वैध असताना सॅन फ्रॅन्सिस्कोचे महापौर गॅव्हिन न्यूसम यांनी फेब्रुवारी २००४ मध्ये समलिंगी जोडप्यांना विवाह-परवाने देवविले. हा निर्बंध राज्याच्या संविधानातील समतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे, अशी त्यांची भूमिका होती. महिन्याभरात सुमारे ४,००० विवाह झाले. ११ मार्च रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते थांबविले व १२ ऑगस्ट रोजी रद्दबातल ठरविले. कायद्याची घटनात्मकता ठरविणे हे परवाने देणाऱ्याचे काम नव्हे, असा या निर्णयाचा आशय होता. मूळ निर्बंधाविषयी न्यायालयाने तेव्हा मत दिले नाही. (२००८ मध्ये त्याच न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला.) २०१५ मध्ये संघीय सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केल्यावर केंटकीतील काउंटी क्लार्क किम डेव्हिस यांनी धर्मश्रद्धेस्तव परवाने नाकारले. न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना पाच दिवस तुरुंगवास घडला. न्यूसम यांनी मात्र न्यायालयाचा हुकूम येताच परवाने बंद केले होते. शिक्षा भोगल्यामुळे डेव्हिस यांचे वर्तन वरील व्याख्येत बसते असे म्हणता येईल. परंतु त्यांच्या नकाराची झळ परवाना मागणाऱ्या जोडप्यांना लागत होती.