एका बादलीचा हिशेब
(घरची ऊर्जा : भाग ७)

मागच्या आठवड्यात आपण गच्चीवरच्या सोलर वॉटर हीटरचा खर्च पाहिला. त्यावर कोपरगावच्या एका काकूंचा फोन आला. मुलगा बर्मिंगहॅमला असतो. त्याच्या घरी हीट पंप बसला आणि वर सरकारने पैसेही दिले. "आपल्याकडे बसवायचा तर किती लागतील हो?" असं त्यांनी विचारलं. आजचा भाग त्यांच्या प्रश्नावरच आहे.

हीट पंप हे नाव नवीन असलं तरी ते काम आपल्या तालुक्याने रोज पाहिलेलं आहे. कुठल्याही दूध संकलन केंद्रावर संध्याकाळी जा. धार काढून आणलेलं दूध पस्तीस अंशांच्या आसपास असतं. बल्क कूलर ते ४ अंशांवर आणतो. पुढे चकचकीत टाकी, तिला हात लावला तर गारवा. पण मागच्या बाजूला कंडेन्सरच्या पंख्यासमोर उभं राहिलं की चैत्रातल्या दुपारसारखी झळ तोंडावर येते. ही झळ दुधातली ऊब आहे. यंत्राने ती उचलली आणि बाहेर फेकली. हीट पंपही हेच करतो, फक्त आपल्याला हवा असतो तो मागचा गरम भाग. दुधाच्या जागी बाहेरची हवा, आणि पंख्याच्या जागी पाण्याची टाकी.

म्हणूनच तो विजेत स्वस्त पडतो. गीझरची कॉईल एक युनिट वीज खाऊन एक युनिटाचीच उष्णता देते. हीट पंप उष्णता तयार करत नाही, हवेतली ओढून आणतो, त्यामुळे एका युनिटात तीन ते साडेतीन युनिटांची उष्णता पाण्याला मिळते. ही कल्पना विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८५२ मध्ये मांडली. पाच-एक वर्षांत पीटर फॉन रिटिंगर यांनी ऑस्ट्रियातल्या एबेनझे इथे मिठाचं पाणी आटवायला ती वापरून पाहिली. साखर कारखान्यात रस आटवताना एका बॉडीतली, म्हणजे बंद भांड्यातली, वाफ पुढच्या बॉडीतला रस तापवते, हे ज्याने पाहिलंय त्याला त्यातलं मर्म लगेच कळेल. वाया जाणारी उष्णता पुन्हा कामाला लावायची.

आता पैसे. २०० लिटरचं घरगुती मशीन आज साधारण लाखाच्या आसपास मिळतं. काही कंपन्यांचं दीड लाखापर्यंत जातं. पण दुकानदार सांगतो ती मशीनची किंमत, बसवण्याची नव्हे. मशीन बंद बाथरूममध्ये चालत नाही, त्याला मोकळी हवा लागते. म्हणजे गच्चीवर किंवा मागच्या अंगणात ओटा आला. तिथून न्हाणीघरापर्यंत गरम पाण्याचा पाइप आला, आणि त्यावर फोमचं वेष्टण. ते टाळलं तर वाटेतच पाणी निवतं. वेगळी वायर, एमसीबी आणि नीट अर्थिंग हवं. वस्तीवर संध्याकाळी पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की विजेचा दाब कोसळतो. कॉम्प्रेसरला ते सोसत नाही, म्हणून स्टॅबिलायझर हवाच. सगळं धरून मशीनच्या किमतीवर वीस-पंचवीस हजार बाजूला ठेवा.

आणि पाणी. कोपरगावात हा विषय एका ओळीत संपत नाही. शहरात नळाला दिवसाआड काय, कित्येक दिवसांआड पाणी येण्याची वर्षानुवर्षं सवय. मधले दिवस बरीच घरं बोअरवर काढतात, आणि वस्त्यांवर तर बोअर नाहीतर विहीर. गेल्या दिवाळीआधी आमचा गीझर उघडला तेव्हा कॉईल दिसतच नव्हती. तिच्यावर क्षारांचा बोटभर पांढरा थर होता. पेचकसाच्या मुठीने ठोकल्यावर खापरीसारखे तुकडे निघाले. गीझरची कॉईल काही शे रुपयांत बदलता येते. हीट पंपाच्या टाकीत असा थर बसला की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, कॉम्प्रेसर जास्त वेळ धावतो आणि ज्या बचतीसाठी पैसे घातले तीच आटते. टाकी गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमचा दांडा असतो, खाऱ्या पाण्यात तोही लवकर झिजतो. बोअरचं पाणी असेल तर आधी सॉफ्टनर बसवा, आणि तापमान ५० अंशांवर ठेवा. पाणी जितकं जास्त तापवाल, तितके क्षार जास्त बसतात.

आता हिशेब. थंडीत टाकीतलं पाणी २० अंशांचं असतं. अंघोळीची २० लिटरची बादली ४१ अंशांची हवी. यासाठी लागते अर्धा युनिट उष्णता. घरात पाच माणसं असतील तर अडीच युनिट, टाकीत निवणारं धरून तीन. उन्हाळा वगळून वर्षाचे २४० दिवस धरले तर गीझरला ७२० युनिट लागतात. महिन्याला शंभर युनिटांच्या वरच्या टप्प्यात वहन आकार आणि वीज शुल्कासह युनिट साधारण १३ रुपयांना पडतं. म्हणजे वर्षाला साडेनऊ हजारांच्या आत. हीट पंप हेच काम २४० युनिटांत करेल. वाचले सव्वासहा हजार. सव्वा लाखाचं यंत्र फिटायला वीस वर्षं लागतील, आणि इतकी वर्षं कॉम्प्रेसर टिकेल असं कोणीही छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

मग बर्मिंगहॅमला कसं परवडतं? तिथे हीट पंप अख्खं घर तापवतो, वर्षातले कित्येक महिने, रात्रंदिवस. शिवाय इंग्लंड-वेल्समध्ये सरकार त्यासाठी ७,५०० पौंड अनुदान देतं. आपल्याकडे त्याच्या वाट्याला सकाळच्या पाच बादल्या येतात. यंत्र तेच, पण त्याला इथे पुरेसं काम नाही.

जिथे काम आहे तिथे मात्र तो चोख पैसे परत करतो. शेजारच्या शिर्डीत ३० खोल्यांचं लॉज घ्या. पहाटेच्या काकड आरतीला जाणाऱ्या भक्तांना बारा महिने गरम पाणी लागतं. रोज ६० बादल्या, म्हणजे ३० युनिटांच्या वर उष्णता. तिथे घरगुती दराने मोजलं तरी वर्षाला ९०,००० रुपयांहून जास्त वाचतात. वसतिगृह, हॉस्पिटल, मंगल कार्यालयाची निवासव्यवस्था, सगळीकडे हाच न्याय. दहा-बारा माणसांचं एकत्र कुटुंब काठावर येतं. त्यांच्या गच्चीवर सावली पडत असेल, सोलरचं पाणी तापत नसेल, तर विचार करायला हरकत नाही. बसवलाच तर टायमर दुपारी १२ ते ३ चा लावा. पौषात पहाटे हवा दहा अंशांची असते, दुपारी अठ्ठावीसची. गरम हवेतून ऊब ओढायला वीज कमी लागते, आणि चांगली टाकी सकाळपर्यंत पाणी गरम ठेवते.

चार-पाच माणसांच्या घराला माझा सल्ला स्पष्ट आहे : आज हीट पंप घेऊ नका. त्याऐवजी गच्चीवर वीज तयार करणारं ३ किलोवॉटचं सोलर साधारण दोन लाखांना बसतं. पीएम सूर्यघर योजनेत त्यावर ७८,००० रुपये अनुदान आहे, हीट पंपाला त्यात काही नाही. म्हणजे खिशातून जातात ते तेच सव्वा लाख. पण ती पॅनेल दिवसाला सरासरी बारा युनिट देतात. त्यात जुना गीझरही चालतो आणि फ्रिज, पंखे, मिक्सरही.

काकूंना मी एवढंच सांगितलं, तुम्हालाही सांगतो. पुढचे सात दिवस घरात गरम पाण्याच्या किती बादल्या लागतात ते कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि गीझर लावण्याआधी व बंद केल्यावर मीटरचा आकडा टिपा. पुढच्या भागात सूर्यघरचा अर्ज कसा भरायचा ते पाहू. तेव्हा हे आकडे लागतील.