'घाट' आणि 'खिंड' : अर्थनिर्णय

लढायांचीं वर्णनें वाचतांना 'घाट' आणि 'खिंड' हे शब्द समानार्थी धरण्याचा प्रघात पडला आहे. आमच्या मतें हे दोन्ही शब्द भिन्नार्थी असून, तो भेद न राखल्यास लढाईचें मर्मच निसटतें.

सह्याद्रीच्या मुलुखांत घाट म्हणजे देशावरून कोंकणांत उतरण्याची वाट होय. तिला माथा व पायथा अशीं दोन टोंकें असतात. तिजवरून माल जाई, म्हणून तिजवर पूर्वीं जकातही बसे. नाणेघाटाच्या माथ्यावरील दगडी रांजण जकातीचा म्हणून परंपरेनें दाखवितात. खिंड ही वाट नव्हे. दोन डोंगरांमधील अरुंद जागा ती खिंड. ती घाटाच्या वाटेवर असेल किंवा नसेलही.

आतां उदाहरणें घेऊं. फेब्रुवारी १६६१ मध्यें कारतलबखान मोंगली फौजेसह लोणावळ्याच्या बाजूनें कोंकणांत उतरला. घाट उतरेपर्यंत त्यास शिवाजी महाराजांनीं अडविलें नाहीं. गांठलें तें खालच्या उंबरखिंडींत. परमानंदाच्या 'शिवभारतां'त हा प्रसंग आला आहे. पुढची व मागची दोन्ही तोंडें बंद झाल्यावर खानाची संख्या निरुपयोगी ठरली, व रायबाघनीच्या सल्ल्यानें खंडणी देऊन त्यानें सुटका करून घेतली.

जुलै १६६० मधील घोडखिंड, म्हणजेच पुढें पावनखिंड म्हणून प्रसिद्धीस आलेली जागा, पन्हाळा ते विशाळगड या मार्गावरची. कोंकणांत उतरण्याशीं तिचा संबंध नाहीं. बाजी प्रभूंनीं ती धरली ती शत्रूस कोंडण्यासाठीं नव्हे, तर महाराज गडावर पोंचेपर्यंतचा वेळ मिळविण्यासाठीं.

याउलट बोरघाट पाहा. फेब्रुवारी १७८१ मध्यें इंग्रज सेनापति गॉडर्ड यानें तो काबीज केला. परंतु पायथ्यापासून पनवेलपर्यंतच्या वाटेवर मराठ्यांनीं त्याची रसद मारण्याचा सपाटा लावला. एप्रिलांत त्यास मोठें नुकसान सोसून मागें फिरावें लागलें. घाट हातीं होता. वाट हातीं नव्हती.

सारांश, कागदांत 'खिंड धरली' असें आल्यास कोणास, किती वेळ व कशासाठीं रोखिलें हें पाहावें. 'घाट घेतला' असें आल्यास त्याचीं दोन्ही टोंकें व पुढची वाट कोणाकडे होती तें आधीं तपासावें. एवढें केल्यावांचून त्या प्रसंगीं जय कोणाचा झाला, हें सांगण्याची घाई करूं नये.