चेहऱ्यावरून पारख : अवंतीपासून सागरपर्यंत

माणसाचे कपाळ, नाक, भुवया आणि कान पाहून त्याचा स्वभाव व भाग्य सांगण्याची विद्या भारतात सामुद्रिक या नावाने ओळखली जाते. समुद्र नावाच्या ऋषीने ती सांगितली, अशी परंपरा असली, तरी तिच्या जुन्या आणि सुसूत्र मांडणींपैकी एक माळव्यातच झाली. भोपाळ त्याच माळव्याच्या पूर्व कडेला वसलेले आहे. अवंतीचा ज्योतिषी वराहमिहिर याने सहाव्या शतकात रचलेल्या 'बृहत्संहिता' या ग्रंथात पर्जन्य, वास्तू, रत्ने यांच्या जोडीने पुरुषलक्षण आणि कन्यालक्षण यांवर स्वतंत्र अध्याय आहेत.

या अध्यायांत विद्येची रीत जवळून पाहता येते. अर्धचंद्रासारखे कपाळ असणारा धनवान होतो, ओबडधोबड कपाळाचा मनुष्य निर्धन राहतो. कपाळावर तीन लांब रेषा असल्यास आयुष्य शंभर वर्षांचे. चार असल्यास राज्य मिळते, परंतु आयुष्य पंचाण्णव वर्षांवर येते. ग्रहबलानुसार हंस, शश, रुचक, भद्र आणि मालव्य असे पाच महापुरुषही ग्रंथात कल्पिलेले आहेत, आणि शुक्राच्या बळावर जन्मणाऱ्या मालव्य पुरुषाच्या राज्यात खुद्द माळव्याचा प्रदेश घातलेला आहे. कल्पना नेटकी आहे, तिच्यात निरीक्षणाची हौस दिसते आणि संस्कृत काव्याची लयही आहे. मात्र रेषा मोजून वर्षे कशी निघतात, याचे कारण ग्रंथ देत नाही.

कन्यालक्षणाच्या अध्यायात हीच रीत कठोर होते. तेथे स्त्रीच्या अवयवांवरून केवळ तिचे नव्हे, तर तिच्या पतीचे आयुष्य आणि सासरची भरभराटही ठरवलेली आहे, आणि कुरूपतेत दोष व आकृतीत गुण वसतात, असा निर्वाळा अध्यायाच्या अखेरीस दिलेला आहे. घरात मृत्यू झाला की नव्या सुनेला पांढऱ्या पायाची ठरवणारी मराठी समजूत याच वळणाची आहे. घटना आधी घडते, दोषी आधी ठरतो आणि मग त्याच्या शरीराकडून साक्ष घेतली जाते. या विद्येच्या पुढच्या सर्व इतिहासाला हा क्रम लागू पडतो.

चीनमध्ये या विद्येला म्येनश्यांग म्हणतात. तीत चेहऱ्यावर बारा महाल कल्पिलेले असून दोन भुवयांमधील जागा आयुष्याची आणि नाक संपत्तीचे मानले जाते; कानाची लांब पाळी हे भाग्याचे चिन्ह तेथेही आहे. भोपाळजवळच्या सांची येथे मुख्य स्तूपाच्या प्रवेशद्वारांसमोर पाचव्या शतकात बसवलेल्या चार बुद्धमूर्ती ज्या बत्तीस महापुरुषलक्षणांच्या परंपरेतल्या आहेत, ती परंपरा बौद्ध ग्रंथांबरोबर चीनला पोहोचली. पण चिनी विद्येची मुळे त्याहून जुनी आहेत, कारण इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच श्युन्झी या तत्त्वज्ञाने तिच्याविरुद्ध स्वतंत्र प्रकरण लिहिले. ऋषितुल्य राजांत उंच होते तसे ठेंगणेही होते, आणि जुलमी राजे देखणे व बलदंड होते, असा त्याचा आक्षेप होता. मराठीत चौदाव्या शतकात चोखामेळ्याने वाकड्या उसाचा दाखला देऊन हेच सांगितले. बाह्यरूपावरून, म्हणजे जन्माने लादलेल्या ओळखीवरून, झालेला निवाडा त्याने स्वतः सोसलेला होता, म्हणून त्याच्या शब्दाला श्युन्झीच्या युक्तिवादाहून अधिक वजन आहे.

एकोणिसाव्या शतकात ही समजूत विज्ञानाचा वेश घेऊन पुन्हा याच टापूत आली. कवटीच्या उंचसखलपणावरून मनोवृत्ती ओळखण्याचा दावा करणाऱ्या विद्येला युरोपात फ्रेनॉलॉजी, म्हणजे कवटीशास्त्र, म्हणत. तिच्या मते दयाबुद्धी कपाळाच्या वरच्या भागात आणि विध्वंसवृत्ती कानाच्या वर वसते, म्हणून दोन कानांवरील रुंदी मोजली की हिंस्रपणा आकड्यात सांगता येतो. भोपाळच्या ईशान्येस असलेल्या सागर येथे १८३० च्या दशकाच्या आरंभी ठग म्हणून फाशी दिलेल्या सात जणांची मस्तके हेन्री स्प्राय या इंग्रज शल्यवैद्याने मिळवली, आणि कलकत्त्याचे अधिकारी जॉर्ज स्विंटन यांच्यामार्फत त्या कवट्या एडिंबरा येथील फ्रेनॉलॉजिकल सोसायटीकडे गेल्या.

रॉबर्ट कॉक्स याने १८३४ मध्ये त्यांच्यावर लेख लिहिला, आणि तेथेच या शास्त्राची परीक्षा झाली. गळा आवळून प्रवाशांना मारणारे म्हणून ज्यांना फासावर चढवले, त्यांच्या कवट्यांत विध्वंसवृत्तीचा भाग प्रमुख असावयास हवा होता. तो तसा आढळला नाही. तेव्हा कॉक्सने नैतिक वृत्तींच्या भागांचा अशक्तपणा, संगत आणि संस्कार यांकडे बोट दाखवून ठगांचे वर्तन समजावून सांगितले. मोजमाप फसले, तरी शास्त्रही टिकले आणि निवाडाही टिकला.

कायद्याने याच सुमारास आणखी पुढचे पाऊल टाकले. १८३६ च्या तिसाव्या अधिनियमानुसार ठगांच्या टोळीतील असणे एवढेच जन्मठेपेस पुरेसे झाले, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या; आता चेहरा पाहण्याचीही गरज उरली नाही. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण त्याने लावलेला शिक्का पुसला गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' या १९८७ च्या आत्मकथनाने मराठी वाचकाला तो शिक्का आतून दाखवला, आणि भोपाळमधील पारधी आजही पोलिसांच्या संशयाखाली जगतात.

कवटी मोजूनच कवटीशास्त्राला उत्तर देण्याचे धैर्य एका मराठी विदुषीने दाखवले. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करीत होत्या. कवटीच्या दोन बाजूंतील असमानता वंशानुसार बदलते आणि त्यातून युरोपीयांची बौद्धिक श्रेष्ठता सिद्ध होते, ही फिशर यांची धारणा होती. कर्वे यांनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध आढळत नाही, असे आपल्या प्रबंधात लिहिले. मार्गदर्शकाला हवा असलेला निष्कर्ष परदेशात एकट्या राहणाऱ्या विद्यार्थिनीने नाकारावा, ही गोष्ट मराठी विद्याक्षेत्राने अधिक अभिमानाने सांगावयास हवी.

सागरच्या त्या सात कवट्या सोसायटीच्या संग्रहासह पुढे एडिंबरा विद्यापीठाच्या शरीररचना विभागाकडे गेल्या. त्याच विद्यापीठाने २०१९ मध्ये श्रीलंकेतील वेद्दा समाजाच्या नऊ कवट्या त्या समाजाच्या प्रमुखाच्या स्वाधीन केल्या, म्हणजे परत देण्याची वाट तेथे घालून दिलेली आहे. भोपाळच्या श्यामला टेकड्यांवर इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय आहे, आणि माणसाच्या शरीराचा व संस्कृतीचा अभ्यास हेच त्याचे काम आहे. सागरच्या सात जणांचे अवशेष मायदेशी आणण्याची मागणी या संस्थेने करावी, आणि मध्य प्रदेशातील मराठी वाचकांनीही तिच्यामागे आपला शब्द उभा करावा.