त्या अस्वलाचं पुढं काय झालं?

बुद्धपौर्णिमेची रात्र होती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका पाणवठ्यावर, मचाणात मी आणि जवळच्या गावातला एक जाणता सोबती. वैशाखात नाले आटलेले असतात म्हणून जनावर पाण्यावर येणार, आणि चांदणं असतं म्हणून ते दिसणार, एवढ्या हिशेबावर विदर्भातली ही वन्यप्राणी गणना चालत आली. तक्त्यात वेळ, प्राणी, नर, मादी, पिल्लू असे रकाने. अडीचच्या सुमारास अस्वल आलं. मी ‘एक’ लिहिलं. सोबती कुजबुजला, ‘भाऊ, पाठीवर पिल्लू हाये. दोन लिवा.’

सकाळी तक्ता जमा केला. त्याचं पुढं काय झालं, हे आम्हाला कधीच कुणी कळवलं नाही. पुढच्या वर्षी मी सोबत्याला बोलावलं तेव्हा त्यानं विचारलं, ‘त्या अस्वलाचं काय झालं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो आला नाही.

त्याच्या न येण्याला आणखीही कारण होतं. हे दिवस तेंदूपत्त्याचे. घरची सगळी पहाटेच रानात जातात, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात. रात्रभर जागलेल्याची दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडते. स्वयंसेवक टिकत नाहीत, अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी हा हिशेब मांडावा.

आणि खरं सांगावं. पाणवठ्यावरची मोजणी कच्ची असते. एकच जनावर दोनदा मोजलं जातं, दुसरं निसटतं. 2006 पासून वाघांच्या देशव्यापी अंदाजासाठी कॅमेऱ्यात टिपलेले पट्टे आणि संख्याशास्त्र वापरतात. मचाणावरची रात्र आता मुख्यतः अनुभवासाठी असेल, तर तसं आधीच सांगावं. माणूस त्यानं रुसत नाही.

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं वेगळी वाट धरली. तिथले अभ्यास गट गावाच्याच प्रश्नांवर बसत आले. मधाचंच बघा. जाळ-धूर करून माश्या मारायच्या आणि पोळं उतरवायचं, ही जुनी रीत. पोळ्यात मध कुठं आणि अंडी-पिल्लं कुठं, हे पाहिल्यावर फक्त मधाचा भाग कापायची पद्धत पुढं आली. माश्या वाचल्या तर पोळं पुन्हा भरतं. इथं निरीक्षण करणारा, निष्कर्ष काढणारा आणि मध खाणारा एकच. 2009 मध्ये या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तेव्हा आपलं रान नीट पाहण्याची सवय आधीच अंगी मुरलेली होती.

पक्षीनिरीक्षक ‘ईबर्ड’ या संकेतस्थळावर वर्षानुवर्षं नोंदी का करतात? यादी टाकली की स्वतःचा आजवरचा हिशेब समोर येतो, आसपास इतरांनी काय पाहिलं तेही दिसतं. मचाणावरच्या माणसाला एवढंही मिळत नाही.

तेंदू संपतो आणि पेरणीला अजून अवकाश असतो, त्या दिवसांत ग्रामसभा भरवावी. कुठल्या पाण्यावर काय आलं, ते मोठ्यानं वाचावं, चुका गावानं दुरुस्त कराव्यात. माझा तो सोबती तिथं नक्की येईल, आणि अस्वलाच्या रकान्यात दोन लिहिलंय ना, हे आधी पाहील.