गवताला मालक हवा

कॅन्ससमधला निर्मनुष्य रस्ता, कडेला एक जुनं चर्च आणि समोर डोक्याच्याही वर गेलेलं गवत. गवतातून एका लहान मुलाची हाक येते, म्हणून बेकी आणि तिचा भाऊ कॅल गाडी थांबवून आत शिरतात. बेकी सहा महिन्यांची गरोदर आहे. आत गेल्यावर थोड्याच वेळात दोघांची चुकामूक होते. आवाज जवळून येतो, माणूस दिसत नाही. मग त्यांना एक युक्ती सुचते. दोघांनी एकाच वेळी उंच उडी मारायची, म्हणजे गवताच्या शेंड्यांवरून एकमेकांचा ठावठिकाणा कळेल. पहिल्या उडीत दोघं अगदी हाताच्या अंतरावर दिसतात. जागचं पाऊल न हलवता दुसरी उडी मारतात, तर मधल्या काही क्षणांत अंतर भलतंच वाढलेलं. विन्सेन्झो नताली यांच्या ‘इन द टॉल ग्रास’ (२०१९) या चित्रपटातला हा सगळ्यात चांगला प्रसंग. त्यात रक्त नाही, भूत नाही, दचकवणारं संगीतही फारसं नाही. खाली उतरलेला माणूस पुन्हा वर येतो तेव्हा जग तेच राहिलेलं नसतं, एवढंच घडतं, आणि पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

आपल्याकडच्या माणसाला हा प्रकार परका वाटू नये. रात्री ओळखीच्या वाटेवर चालणारा माणूस फिरून फिरून त्याच झाडापाशी येतो, त्याला चकवा लागतो, हे कोकणात आणि घाटावर पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं आहे. त्यावर जाणती माणसं उपायही साधाच सांगत: जागच्या जागी बसायचं आणि फटफटेपर्यंत हलायचं नाही. या उपायात भुताखेतापेक्षा शहाणपणच जास्त होतं. जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या माक्स प्लांक संस्थेतले यान साउमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणसांना घनदाट जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालत राहायला सांगितलं होतं. सूर्य दिसत होता तोवर ती बऱ्यापैकी सरळ चालली. ढगाळ दिवशी जंगलात मात्र ती गोल गोल फिरली आणि आपलीच वाट ओलांडून गेली तरी त्यांना पत्ता लागला नाही. डोळे बांधून चालायला लावल्यावर तर काहींचे फेरे अवघ्या वीस मीटर व्यासात बसले. म्हणजे दूरची खूण नाहीशी झाली की दिशेचं भान देहाच्या भरवशावर फार काळ टिकत नाही. चकव्याला भूत लागत नाही, डोळ्यांसमोरचं क्षितिज हिरावलं की पुरतं. उंच गवत, दाट रान, धुकं, बर्फ ही भयपटांची आवडती ठिकाणं का, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

अर्धंच, कारण वाट चुकण्याची भीती पहिल्या अर्ध्या तासापुरती असते. ‘इन द टॉल ग्रास’ शंभर मिनिटांचा आहे आणि त्याची दमछाक नेमकी तिथून सुरू होते. मूळ दीर्घकथा स्टीफन किंग आणि त्यांचा मुलगा जो हिल यांनी लिहिलेली, २०१२ मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकात आलेली. ती आटोपशीर आहे आणि तिचा शेवट कोणाचीही गय करत नाही. चित्रपटाने त्यात बेकीचा प्रियकर ट्रॅव्हिस आणला, काळाची चक्रं आणली, गवताच्या मधोमध असलेल्या काळ्या खडकाचं प्रस्थ वाढवलं. गवत जिवंत माणसांना हलवतं, मेलेल्यांना हलवत नाही. इथे काल मेलेला माणूस आज नव्याने आत शिरू शकतो. खडकाला हात लावला की सगळं उमगतं. नियमामागून नियम येत राहतात आणि प्रेक्षक घाबरायचं सोडून हिशेब मांडू लागतो: हा कॅल पहिला की दुसरा? नताली यांचा ‘क्यूब’ (१९९७) अशाच कोड्यावर उभा होता. पण तिथे ते खोल्यांचं बांधलेलं यंत्र होतं, कोडं शोभत होतं. गवत हे यंत्र नव्हे.

या प्रकारच्या चित्रपटांत दोन प्रश्न असतात आणि त्यांची गल्लत होते, असं मला वाटतं. पहिला प्रश्न, ही जमीन माणसाला अडकवते कशी? दुसरा, तिला हा माणूस हवाय कशाला, तिचा त्याच्यावर दावा काय? ‘इन द टॉल ग्रास’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर देण्यात सगळी शक्ती खर्च करतो आणि दुसऱ्याला जवळजवळ हात लावत नाही. खरी धास्ती मात्र दुसऱ्यात असते. जमीन कोणाच्या तरी बाजूची आहे आणि आपण त्या बाजूचे नाही, हे कळलं की ती अडकवते कशी याचा खुलासा केला नाही तरी चालतं.

आणि कॅन्ससच्या गवताला दावे सांगायची काय कमतरता होती? उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी एके काळी सुमारे १७ कोटी एकरांवर उंच गवताची माळरानं होती. १८३७ मध्ये जॉन डीअर यांनी पोलादी नांगर तयार केला, मागोमाग वसाहतवाले पश्चिमेकडे सरकले आणि ती माळरानं मक्या-गव्हाखाली गेली. आज त्यांतली चार टक्केही उरलेली नाहीत. जी उरली त्यांतली बहुतेक कॅन्ससच्या फ्लिंट हिल्समध्ये आहेत, आणि का उरली, तर तिथे मातीचा थर पातळ आहे. खाली चुनखडी आणि गारगोटी. नांगराचा फाळ तिथे चालेना, म्हणून गवत वाचलं. ज्यांच्या नावावरून कॅन्सस हे नाव पडलं त्या कॉ लोकांना मात्र १८७३ मध्ये तिथून हलवून दक्षिणेला इंडियन टेरिटरीत नेलं गेलं. खडकामुळे गवत टिकलं, माणसं टिकली नाहीत. किंग-हिल यांच्या कथेत गवताच्या मधोमध खडकच आहे आणि चित्रपटात त्यावर प्राचीन चित्रंही कोरलेली आहेत. इतकं हाताशी असूनही चित्रपट त्या चित्रांना नुसती सजावट करून सोडतो. ती कोणी काढली, ते लोक कुठे गेले, हे कोणी विचारत नाही. खडकाचा भक्त झालेला रॉस हा इस्टेट एजंट आहे. जमिनीचे सौदे करणारा माणूस जमिनीच्या तावडीत सापडतो, यात केवढा मोठा विनोद आणि केवढं भय होतं! तोही धागा तसाच लोंबकळत राहतो.

याच्या शेजारी विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) ठेवून पाहावा. गरोदर बाई इथेही आहे, डोक्यावरून गेलेली हिरवी भिंत इथेही आहे. नेहा (पूजा सावंत) आणि तिचा नवरा देण्यापायी शहरातून पळून ड्रायव्हरच्या गावाकडच्या घरी आसरा घेतात. घराभोवती चहूकडे ऊस. घरात ड्रायव्हरची बायको तुळसाबाई (उषा नाईक), उसात खेळणाऱ्या मुलांची चाहूल आणि कुणा बाईची सावली. (पुढचं सांगायचं तर रहस्य फुटतं, त्याला इलाज नाही.) त्या घराने जन्मलेल्या मुली जगू दिलेल्या नाहीत आणि आता नेहाच्या पोटातल्या जिवावर त्या सगळ्या इतिहासाची सावली आहे.

आता उसाचा फड जवळून पाहिला तर एक गोष्ट ध्यानात येते. गवताळ रानात माणूस हरवतो, उसात तसं हरवायचं कारण नाही. ऊस सरीत लावलेला असतो. फडात कितीही आत असलं तरी एक सरी धरून सरळ चालत राहिलं की कधी ना कधी बांध लागतोच. पात्यांच्या कडा हातापायांवर ओरखडे काढतील, कुसं टोचतील, पायाखाली पाचट वाजेल, पण वाट आहे. म्हणजे उसातून बाहेर पडता येत नसेल तर दोष उसाचा नाही, बाहेर पडू न देणाऱ्या माणसांचा आहे. पाचटाचा आवाज कोणी ऐकतंय, बांधावर कोणी उभं आहे. फुरिया यांनी रानाऐवजी पीक निवडलं हे म्हणूनच मला फार मोलाचं वाटतं. ऊस आपोआप उगवत नाही. तो कोणीतरी लावलेला असतो, त्याला पाणी दिलेलं असतं, अडसाली असेल तर सोळा-अठरा महिने जपलेला असतो. त्या भिंतीला मालक आहे. मुलगी नको, वंशाला दिवा हवा, हा त्या मालकीचाच दुसरा चेहरा, कारण सात-बाऱ्यावर पुढचं नाव कोणाचं चढायचं हा प्रश्न शेवटी त्यात असतोच.

पडद्याबाहेरही ऊस म्हणजे नुसती पार्श्वभूमी नसते. जुन्नर, अकोले भागात बिबट्याची मादी उसात पिल्लं घालते आणि तोडणी सुरू झाली की कोयत्याखाली ती पिल्लं सापडतात. त्या पट्ट्यात फडाच्या कडेने संध्याकाळी चालणाऱ्या माणसाला भीती समजावून सांगावी लागत नाही. मुलींचा हिशेबही असाच समोर आहे. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात राज्यात दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. ऊसतोडीसाठी दरसाल टोळ्याच्या टोळ्या बाहेर पाठवणाऱ्या बीड जिल्ह्यात हा आकडा ८०७ होता. मुकादमाची उचल फेडताना एकही खाडा परवडत नाही म्हणून गर्भपिशवी काढून घेतलेल्या बायकांच्या बातम्याही त्याच जिल्ह्यातून २०१९ मध्ये आल्या आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. गर्भलिंग निदानावर बंधनं घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्येच, देशात सगळ्यांच्या आधी केला होता. ‘लपाछपी’ ही बीडची कहाणी नव्हे आणि तसा तिचा दावाही नाही. पण ऊस, बाईचं पोट आणि घराचा हिशेब या तीन गोष्टी एकत्र आल्या की मराठी प्रेक्षकाला भूत दिसायच्या आधीच काहीतरी कळलेलं असतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. भयपटात कारण सांगितलं की भय संपतं, आणि ‘लपाछपी’ तर शेवटी संदेश देतो. संदेशाबद्दलची तक्रार मला मान्य आहे. शेवटाकडे आवाज चढतो, जे पडद्यावर दिसलं तेच पुन्हा तोंडी सांगितलं जातं. २०२१ मध्ये फुरिया यांनीच केलेल्या ‘छोरी’ या हिंदी अवतारातही ही खोड सुटलेली नाही. पण शेवट बोलघेवडा झाला म्हणून मधल्या तासाभराचं भय खोटं ठरत नाही. त्या तासाभरात तुळसाबाई नेहाची काळजी घेते, खाऊपिऊ घालते, हे करू नको ते करू नको म्हणून सांगते, आणि प्रत्येक मायेच्या शब्दागणिक दार थोडं थोडं बंद होत जातं. उषा नाईक यांनी ही भूमिका ओरडून केली असती तर चित्रपट तिथेच संपला असता. त्यांच्या बोलण्यात कुठल्याही सासूच्या बोलण्यातली सहजता आहे. मुलांची भुतं उसात नेमकी वावरतात कशी, याचा खुलासा चित्रपट फारसा करत नाही आणि तो कोणी मागतही नाही. कशी हा प्रश्न मोकळा सोडून कशाला याचं उत्तर दिलं, म्हणून भीती संपत नाही, ती घरात शिरते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. निसर्गाला माणसाशी काही देणंघेणंच नाही, हेच सर्वांत मोठं भय नाही का? पीटर विअर यांचा ‘पिकनिक अॅट हँगिंग रॉक’ (१९७५) त्याचा पुरावा म्हणून पुढे केला जातो. १४ फेब्रुवारी १९०० ला ऑस्ट्रेलियातल्या एका शाळेच्या मुली सहलीला जातात, घड्याळं बाराला बंद पडतात, तीन मुली आणि एक शिक्षिका खडकांमध्ये नाहीशा होतात. खुलासा नाही. मूळ कादंबरी लिहिणाऱ्या जोन लिंडसे यांनी खुलाशाचं प्रकरण लिहिलं होतं, ते १९६७ मध्ये पुस्तकातून गाळलं गेलं आणि त्यांच्या निधनानंतर १९८७ मध्ये छापलं गेलं. गाळलं ते उत्तमच झालं. पण गाळलं काय, तर मुली गेल्या कशा याचं उत्तर. दावा कोणाचा, हे चित्रपट पहिल्या चौकटीपासून दाखवतोच. रणरणत्या उन्हात पांढरे झगे, हातमोजे, कॉर्सेट घालून इंग्लंडचं एक टवकं त्या लाखो वर्षांच्या ज्वालामुखी खडकावर येऊन चहा-केक मांडतं. ज्या आदिवासी समाजांची ती जागा, त्यांना त्याआधीच्या काही दशकांत हुसकून लावलेलं होतं. खडक उदासीन वाटतो, कारण त्याच्याकडे पाहणाऱ्या वसाहतवाल्यांना त्याचा इतिहास ऐकायचा नाही. कानेतो शिंदो यांच्या ‘ओनिबाबा’त (१९६४) तर हे सरळच आहे. चौदाव्या शतकातल्या यादवीत गवताच्या रानात दोन बायका भरकटलेल्या सामुराईंना मारतात, प्रेतं खड्ड्यात टाकतात आणि चिलखतं विकून धान्य मिळवतात. तिथे गवत जीवघेणं आहे, कारण उपासमारीने त्या बायकांना गवताच्या बाजूला उभं केलं आहे.

मग ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ (१९९९)? तिथे तर नुसतं जंगल आहे. मेरीलँडच्या सेनेका क्रीक उद्यानात आठ दिवस नटांना खरोखर पायपीट करायला लावून, सूचनांच्या चिठ्ठ्या वाटेत ठेवून आणि रोजचं खाणं कमी करत नेऊन तो चित्रित झाला. दिवसभर दक्षिणेकडे चालून तिघं पुन्हा ओढ्यावरच्या त्याच आडव्या ओंडक्यापाशी येतात, तो प्रसंग चकव्याचा नमुनाच आहे. पण त्यातही जंगल बेवारस नाही. चित्रपटाभोवती रचलेल्या दंतकथेत १७८५ मध्ये ब्लेअर गावाने एका बाईला चेटकीण ठरवून भर हिवाळ्यात रानात मरायला सोडलेलं असतं. गावाने हिशेब चुकता केला असं मानलं आणि रानाने तो उघडा ठेवला. २०१६ मध्ये आलेल्या पुढच्या भागात दिग्दर्शक अॅडम विंगार्ड यांनी त्याच रानात कधी न संपणारी रात्र आणली, वाकडा झालेला काळ आणला, अधूनमधून प्राण्यासारखं काहीतरी दाखवलं. ती बाई कोण होती आणि तिला कोणी सोडलं, याला मात्र त्यात फारसं वजन नाही. तो चित्रपट पहिल्याच्या जवळपासही पोचला नाही.