सोराबजींचं 'गुलिस्तान' : मुंबईशी नातं असलेला पियानो

संगीतकार कैखुश्रू सोराबजी (१८९२–१९८८) इंग्लंडमध्ये जन्मले. वडील मुंबईचे पारशी अभियंते. १९४० साली सोराबजींनी एकल पियानोसाठी 'गुलिस्तान' रचलं. नाव कवी सादींच्या फारसी ग्रंथावरून.

पियानोवादक चार्ल्स हॉपकिन्स यांचं 'गुलिस्तान'चं रेकॉर्डिंग मिळालं तर जरूर ऐका. रचना अर्ध्या तासाच्या आसपास चालते. ठेका शोधू नका, विलंबित आलापासारखं ऐका. खाली मंद्रातले स्वर दीर्घकाळ रेंगाळतात, वर बारीक नक्षी उलगडत जाते. आवाज बहुतांशी हळुवार, त्यामुळे दादर-परळच्या गोंगाटात अर्धं हरवेल. रात्री हेडफोन लावूनच बसा.

सोराबजींनी अनेक दशकं आपल्या रचना जाहीरपणे वाजवू दिल्या नाहीत. १९७६ नंतर दार उघडलं. आपल्या शहराशी जोडलेला हा संगीतकार गिरगाव-लालबागच्या रसिकांनीही ऐकायलाच हवा!

#पियानो #सोराबजी