सपाट काच, तरीही भिंग!

दोन्ही टोकं सपाट असलेली काचेची बारीक कांडी प्रकाश एकवटू शकते. तिचा अपवर्तनांक मध्यावर सर्वाधिक असतो आणि कडेकडे हळूहळू उतरतो, त्यामुळे किरण काचेच्या आतच वळत जातात. तापलेल्या रस्त्यावरच्या मृगजळामागेही हेच तत्त्व आहे. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०५ मध्ये जिलेटिनपासून असं भिंग बनवलं होतं. आज काच वितळलेल्या क्षारात बुडवून, आयनांची अदलाबदल घडवून अपवर्तनांकाचा हा उतार आणतात.

मला खरी भुरळ घालतो तो अशा भिंगाने लेझर झोताला आकार देण्याचा प्रश्न. झोत बहुधा मध्ये प्रखर, कडेला मंद असतो, म्हणजेच गाउसियन. अनेक कामांना मात्र सर्वत्र सारखी तीव्रता हवी असते. नेहमीचा पॅराबोलासारखा उतार इथे कामाचा नाही: त्यातून गाउसियन झोत गाउसियनच बाहेर पडतो, फक्त रुंदी बदलते. म्हणून गणित उलटं मांडतात. आधी हवी ती तीव्रता ठरवायची, मग ऊर्जेचा हिशेब जुळवत कोणता किरण कुठे पोचावा ते काढायचं आणि त्यावरून अपवर्तनांक शोधायचा. शिवाय बाहेर पडताना किरण पुन्हा समांतर हवेत, नाहीतर मिळवलेला सपाटपणा थोड्याच अंतरात विस्कटतो. डिझायनरची खरी कसोटी इथे लागते!